डाळिंब, घड्याळ आणि बर्फाचं पाणी

काबूलजवळच्या टेकडीवर अमीर हसनला पिकलेली डाळिंबं फेकून मारतोय. ‘मार ना मलाही!’ असं ओरडतोय. हसन मारत नाही. शेवटी तो एक डाळिंब उचलतो, अमीरसमोर येतो आणि ते स्वतःच्याच कपाळावर फोडून घेतो.

खालेद होसैनी यांच्या २००३ सालच्या ‘द काइट रनर’मधला हा प्रसंग. (कादंबरी वाचायची बाकी असेल तर पुढे जपून.) १९७५ च्या हिवाळ्यात अमीरने काटलेला निळा पतंग पकडायला हसन धावला आणि एका गल्लीत असेफ नावाच्या मुलाने त्याच्यावर बलात्कार केला. बारा वर्षांच्या अमीरने ते आडून पाहिलं आणि पळ काढला. दोघे एकाच आवारात वाढलेले, पण अमीर मालकाचा मुलगा, पश्तून, म्हणजे तिथल्या वरचढ समाजातला. हसन नोकराच्या घरचा, हजारा, म्हणजे तिथे हिणवल्या जाणाऱ्या समाजातला.

मार खायची ही ओढ कादंबरीपुरती नाही. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ ब्रॉक बॅस्टियन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपण कुणाला तरी झिडकारलं, वगळलं, अशी आठवण काही जणांकडून लिहून घेतली आणि मग त्यांना हात बर्फाच्या पाण्यात धरायला सांगितला. साधी आठवण लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांनी हात जास्त वेळ आत ठेवला आणि नंतर त्यांचा अपराधीपणाही उतरला. शिक्षा झाली की हिशोब मिटल्यासारखा वाटतो. हसन नेमकी तीच शिक्षा नाकारतो.

मग अमीर करतो ते मला गल्लीतल्या पळण्याहून भयंकर वाटतं. वाढदिवसाला मिळालेलं घड्याळ आणि नोटा तो हसनच्या गादीखाली लपवतो आणि त्याच्यावर चोरीचा आळ घेतो. हसन न केलेली चोरी कबूल करतो.

ज्याचं वाईट केलं त्याच्यावरच राग का? १९६० मध्ये डेव्हिस आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना एका अनोळखी मुलाला त्याच्याबद्दलचं वाईट मत ऐकवायला लावलं. जे आपणहून तयार झाले होते आणि ज्यांना नंतर भेटून ‘ते खरं नव्हतं’ असं सांगायची संधी नव्हती, त्यांच्या मनातून तो मुलगा उतरला. चूक दुरुस्त करायची वाट बंद झाली की समोरच्याला कमी लेखणं सोपं पडतं. अमीरची वाट तर त्याने स्वतःच बंद केलेली, कारण तो कुणाकडेही तोंड उघडत नाही. त्याला हसन नजरेसमोर नको असतो, कारण हसनचा चेहरा रोज तीच गल्ली दाखवतो.

मानसशास्त्रज्ञ अपराधीपणा आणि शरम वेगळी धरतात. ‘मी वाईट वागलो’ म्हणणारा माफी मागायला निघतो. ‘मीच वाईट’ म्हणणारा बहुधा तोंड लपवतो. अमीर कितीतरी वर्षं दुसऱ्या गटात अडकतो.

२००१ मध्ये हसनच्या मुलाला सोडवायला तो काबूलला परततो. तोवर हसन मारला गेलेला असतो. बलात्कार करणारा तोच असेफ आता अमीरच्या बरगड्या मोडतो आणि अमीर हसत सुटतो. मार खाता खाता त्याला ती डाळिंबं आठवतात.