काळ की काल? मराठी ड्रीम पॉपमधल्या पुसट शब्दांची पार्श्वभूमी

घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं मराठी ड्रीम पॉप, म्हणजे धुक्यासारख्या घुमणाऱ्या वाद्यांत आवाज मिसळलेलं गाणं नाशिकमध्ये कुणाला ऐकवलं की पहिला शेरा ठरलेला असतो: चाल छान आहे, पण शब्द कळत नाहीत. हा दोष दरवेळी मिक्स करणाऱ्याचा, म्हणजे आवाज आणि वाद्यं यांच्या पातळ्या जुळवणाऱ्याचा नसतो. गायकाचा आवाज वाद्यांच्या मांडीला मांडी लावून बसवायचा, पुढे आणायचा नाही, हे या प्रकारात ठरवून केलं जातं. त्याला आता चाळीसेक वर्षं झाली.

१९८०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ या तेलशुद्धीकरणाच्या गावातल्या एका गटाने ड्रम मशीन, कोरस (एक सूर अनेकांनी वाजवल्यासारखा करणारा इफेक्ट) आणि डिले (प्रतिध्वनीसारखी पुनरावृत्ती) यांचे थर रचले. त्यावरची गायिका अशी गायची की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही शब्द लागत नसत. त्याच दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका जोडीने आपल्या संगीताला 'ड्रीम पॉप' म्हटलं आणि समीक्षकांनी ते नाव उचललं. 'शूगेझ' हा मात्र साप्ताहिकांनी मारलेला टोमणा: पायाजवळच्या इफेक्टच्या पेडलकडे, जणू बुटांकडे, बघत वाजवणारे. आज दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. 'स्वप्नसंगीत' हे भाषांतर तर मसाज पार्लरच्या पाटीवर शोभेल, त्यामुळे इंग्रजी नावच बरं.

मराठी कान घडला तो भावगीतावर. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात कविता पोचवायची, म्हणजे वाद्यांनी मागे उभं राहायचं. ज्या कवीच्या जन्मदिवशी, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिन असतो ते नाशिकचेच. अशा गावात शब्द बुडवणं म्हणजे जरा आगाऊपणाच.

पण भांडण आवाजाच्या पातळीवर होतं, आणि तिथेच गल्लत होते. इंग्रजी गाण्यात गायकाचा आवाज दोन-तीन डेसिबल खाली घेतला तर अर्थ थोडा पुसट होतो. मराठीत तो बदलतो. 'काळ' रिव्हर्बमध्ये, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्यात, विरघळला की 'काल' ऐकू येतो. 'मण' आणि 'मन' यांचंही तेच. ळ आणि ण म्हणताना जीभ मागे वळते आणि आवाजाच्या वरच्या पट्ट्यातली एक ठळक उंची खाली सरकते. ही सगळी हालचाल साधारण २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास असते. नेमकी तिथेच कोरस लावलेली गिटार चमकते. गायकाचा आवाज कितीही वाढवला तरी ळ सापडत नाही. उपाय उलटा आहे: आवाज खालीच राहू द्या आणि गिटारच्या ट्रॅकवर त्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबलचा खड्डा करा, म्हणजे तेवढी पातळी कमी करा. अनेक मराठी मिक्स फसतात ते हा खड्डा न केल्यामुळे. परदेशी गाण्याचे आकडे जसेच्या तसे उचलून इथे चालत नाहीत.

पुढची सोय रिव्हर्बच्या प्री-डिलेची, म्हणजे घुमारा सुरू होण्याआधीच्या थांब्याची. शेपूट तीन-चार सेकंदांची असली तरी ४० ते ६० मिलिसेकंदांनी उशिरा सुरू केली की व्यंजन कोरडं निघून जातं आणि धुकं नंतर पसरतं. ज्या ट्रॅकवर फक्त रिव्हर्बचा घुमारा येतो त्यावर ३०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, नाहीतर बेस गढूळ होतो. 'स' आणि 'श' रिव्हर्बमध्ये गेले की फुसफुस उरते, म्हणून ही फुसफुस दाबणारा डी-एसर रिव्हर्बच्या आधी लावायचा, नंतर नाही. ८० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत, एका ठोक्याचा डिले ७५० मिलिसेकंद येतो आणि पाऊण ठोक्याचा सुमारे ५६२. गिटारला दुसरा शोभतो. गायकाचे दोन जादा टेक घेऊन डावी-उजवीकडे टाकायचे, मुख्य आवाजापेक्षा सहा-आठ डेसिबल खाली. त्यात ख, भ, घ यांचे श्वास जरा मऊ म्हणायचे, कारण तीन 'भ' एका क्षणी जुळत नाहीत आणि तडतड ऐकू येते.

घरच्या रेकॉर्डिंगमध्ये खरा शत्रू वीज. सिंगल कॉइल पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या एकाच वेटोळ्याची) गिटार ५० हर्ट्झची गुणगुण उचलते, अर्थिंग कच्चं असेल तर जास्तच. वीज जाऊन चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर चालू झाला की टेक थांबवायचा, ती भुणभुण नंतर सहज पुसली जात नाही. खोलीत दोन गोधड्या टांगल्या तर भिंतींचा घुमारा बराच आटोक्यात येतो.

ऐकणारा मात्र हे सगळं मोबाइलवर ऐकतो. छोट्या स्पीकरमधून बेस बहुतेक गायब. काही मोबाइल दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतात, तेव्हा कोरसने रुंद केलेली गिटार स्वतःलाच काही प्रमाणात खोडू शकते आणि गायकाचा आवाज पुढे येतो. गंमत म्हणजे तिथे शब्द जास्त कळतात. म्हणून मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, तपासल्याशिवाय गाणं टाकू नये. मोकळ्या मैदानावर, २००८ मध्ये सुरू झालेल्या द्राक्षमळ्यातल्या महोत्सवासारख्या ठिकाणी, वेगळीच पंचाईत: कुजबुजता आवाज ऐकू यावा म्हणून माइक वाढवला की मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, शिट्टी मारतो. अशा वेळी गायकाने माइक ओठांशी आणायचा, ध्वनिवाल्याने रिव्हर्ब कमी करायचा आणि गिटारवाल्याचा ॲम्प गायकाकडून वळवायचा.

व्हिडिओखाली ओळी लिहून दिल्या की तक्रारी बऱ्याच कमी होतात. ओळी वाचलेल्या कानाला त्या ऐकूही येतात, म्हणून मिक्स तपासायला शब्द न पाहिलेला माणूस लागतो. त्याने 'काल' सांगितलं तर खड्डा अजून अर्ध्या डेसिबलने खोल करायचा.