विरळ हवा, आठवी लेन आणि पिएत्रो मेन्नेआ

इटलीच्या दक्षिणेला समुद्राकाठी बार्लेत्ता नावाचं गाव आहे, तिथल्या एका शिंप्याचा पोरगा पंधराएक वर्षांचा असताना रस्त्यावर चक्क मोटारींशी पळायची पैज लावायचा असं सांगतात, एकदा म्हणे पोर्शे होती आणि एकदा अल्फा रोमिओ, अंतर 50 मीटर, जिंकला की 500 लिरा खिशात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं थापा मारतायत लेकाचे. मग कागद घेऊन बसलो. त्या काळची बरी गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी 100 किमीला पोचायला 10 सेकंद घेते असं धरा, म्हणजे दर सेकंदाला वेग साधारण 2.8 मीटरनी वाढतो, मग 50 मीटरला लागतात 6 सेकंद, वर ड्रायव्हरचं क्लच सोडणं वगैरे वेगळंच. चांगला धावणारा पोरगा 50 मीटर सहा-सव्वासहा सेकंदात सहज काढतो, कारण माणसाचा जोर पहिल्या काही पावलांतच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे गोष्ट अगदीच हवेतली नाही, पण 60-70 मीटर ठरवले असते तर पोराचे पैसे गेले असते!

हा पोरगा म्हणजे पिएत्रो मेन्नेआ, जन्म 1952. गंमत म्हणजे मोठेपणी त्याची ताकद याच्या अगदी उलट निघाली. सुरुवातीला तो मागे पडायचा आणि शेवटी सगळ्यांना गाठायचा.

आता 'शेवटी वेग वाढवला' असं कॉमेंटरीवाले म्हणतात ना, ते बहुतेक वेळा खरं नसतं. 200 मीटरमध्ये धावपटूचा सगळ्यात जास्त वेग साधारण 50 ते 80 मीटरच्या दरम्यान येतो आणि तिथून पुढे सगळेच हळू होत जातात, अगदी जगज्जेताही. स्नायूंना लगेच ऊर्जा देणारा क्रिएटिन फॉस्फेटचा साठा काही सेकंदांतच बराच संपतो, मग ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय मोडून काम भागवायचं, त्यात स्नायूंच्या आत आम्लता वाढते आणि आकुंचनाचा जोर कमी होतो. मेन्नेआ इतरांपेक्षा कमी हळू व्हायचा, बस्स. त्यासाठी फॉर्मियाच्या ट्रेनिंग सेंटरवर कोच कार्लो व्हित्तोरी त्याच्याकडून जी मेहनत करून घ्यायचे ती ऐकूनच दम लागतो, ख्रिसमसच्या दिवशीसुद्धा सुट्टी नाही.

12 सप्टेंबर 1979 ला मेक्सिको सिटीत विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत त्याने 200 मीटर 19.72 सेकंदात मारले, आणि हा वर्ल्ड रेकॉर्ड पुढे जवळजवळ 17 वर्षं टिकला, 1996 मध्ये मायकल जॉन्सनने 19.66 धावून मोडेपर्यंत. यावर ठरलेलं उत्तर असतं की छे, ती तर मेक्सिकोच्या हवेची कृपा. बघूया मग किती कृपा ते.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2240 मीटरवर आहे आणि तिथली हवा साधारण 20 टक्के विरळ. लांब पळणाऱ्याची तिथे ऑक्सिजनवाचून वाट लागते, पण 20 सेकंदांचं काम बहुतांशी ऑक्सिजनशिवायच चालतं, त्यामुळे स्प्रिंटरला तोटा जवळजवळ नाही आणि हवेचा अडथळा मात्र कमी, म्हणजे निव्वळ फायदा. वर त्या दिवशी पाठीमागून 1.8 मीटर प्रति सेकंद वारा होता (2.0 पर्यंत रेकॉर्ड धरतात). हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा 10 मीटर प्रति सेकंदाने धावणाऱ्याला सरळ पट्ट्यावर हवा फक्त 8.2 ने लागली, वर्ग केला की विरोध 67 टक्के, त्यात विरळ हवेचे 80 टक्के गुणले की उरला 54 टक्के. निम्म्यावरच आला की! पण लगेच टाळ्या नकोत, कारण धावपटूची बरीचशी ताकद हवेशी भांडण्यात नाही तर स्वतःचं अंग ढकलण्यात आणि पाय पुढे-मागे फिरवण्यात जाते, म्हणून विरोध निम्मा झाला तरी वेळेत फरक पडतो तो दशांशाच्या हिशोबातला. आणि मुख्य म्हणजे आधीचा 19.83 चा रेकॉर्ड टॉमी स्मिथने 1968 मध्ये केला तोही मेक्सिको सिटीतच ना?

पुढच्या वर्षीचं मॉस्को ऑलिंपिक मला जास्त आवडतं. अमेरिकेचा बहिष्कार होता, त्यामुळे ते धावपटू नव्हते हे खरंय. 100 मीटरमध्ये मेन्नेआ सेमीफायनललाच बाहेर गेला होता. 200 च्या फायनलला त्याला मिळाली आठवी लेन, आणि शेजारी सातव्यात 100 मीटरचा ताजा चॅम्पियन ॲलन वेल्स. आठवी म्हणजे सगळ्यात बाहेरची, वळणावर तिथे जास्त पळावं लागतं म्हणून तिथून तुम्ही सगळ्यांच्या पुढून सुटता, कोण कुठे आहे ते दिसतच नाही. मात्र वळण सौम्य असतं. नेहमीच्या ट्रॅकवर पहिल्या लेनची त्रिज्या 37 मीटरच्या आसपास, आठवीची 45 च्या, म्हणजे 10 मीटर प्रति सेकंदाच्या वेगाला पहिल्या लेनमध्ये अंग साधारण 15 अंश आत झुकवावं लागतं आणि आठवीत 13 अंशांहून कमी. मेन्नेआला त्याचा सुरुवातीला काही उपयोग झालेला दिसत नाही, कारण वेल्सने 50 मीटरच्या आतच मधलं अंतर खाऊन टाकलं आणि वळण संपताना तो दोनेक मीटर पुढे होता. मग सरळ पट्टा आला. दोघंही हळू होत होते, वेल्स जास्त, मेन्नेआ कमी, आणि रेषेवर 20.19 विरुद्ध 20.21. दोन शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम 20 सेंटिमीटर, शाळेतली पट्टी एवढी.

हा त्याचा तिसरा ऑलिंपिक 200 फायनल, 1972 ला म्युनिकमध्ये ब्राँझ, 1976 ला चौथा, आणि 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये परत फायनल! सलग चार. 1988 ला सोलला पाचवं ऑलिंपिक. शिवाय कायद्यासकट चार पदव्या आणि पुढे युरोपियन पार्लमेंटचा सदस्य, हा माणूस झोपायचा कधी कोण जाणे. 2013 ला तो गेला.

हवेच्या कृपेचा हिशोब मात्र त्याने स्वतःच करून ठेवलाय. मॉस्कोनंतर 1980 मध्येच, मेक्सिकोपासून हजारो किलोमीटरवर, समुद्रसपाटीच्या जाड हवेत तो 19.96 धावला. गाव कुठलं, तर बार्लेत्ता, जिथे तो मोटारींशी पैजा लावायचा.