काइटबोर्डिंग व विंडसर्फिंग : जलाशयावरील सुरक्षा व शिष्टाचार

पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापत जाणारे काइटबोर्डर आणि फळीवर बसवलेल्या शिडाच्या बळावर जाणारे विंडसर्फर एकाच जलाशयावर उतरतात, तेव्हा त्यांना एकमेकांशी, तसेच होड्या, मासेमार आणि काठावरची माणसे यांच्याशी वागताना काही नियम व संकेत पाळावे लागतात. दोन्ही खेळ मुख्यतः समुद्रकिनाऱ्यांवर वाढले आणि त्यांचे बहुतेक नियमही समुद्र डोळ्यांपुढे ठेवून घडले. सातारा जिल्ह्यातील शिवसागर (कोयना धरणाचा जलाशय), कण्हेर, धोम यांसारख्या डोंगरांच्या कुशीतील जलाशयांना ते लागू पडतात, पण तिथला वारा, काठ आणि पाण्याची पातळी यांची वेगळी जाण त्यांच्या जोडीला असावी लागते.

विंडसर्फिंगला अमेरिकेत १९६० च्या दशकात आकार आला. जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८४ मध्ये हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला. त्याच वर्षी फ्रान्समधील लगेन्यू बंधूंनी हवा भरून फुगवता येणाऱ्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उडवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट मागितले. काइटबोर्डिंगला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळायला मात्र २०२४ चे पॅरिस उजाडावे लागले.

दोघांमधला खटका बहुधा जागेवरून उडतो. विंडसर्फरचे शीड त्याच्या हातात असते, डोलकाठी चार-साडेचार मीटर उंच असते आणि तो पडला तर शिडाच्या लांबीएवढेच पाणी अडवतो. काइटबोर्डरचा पतंग मात्र त्याच्यापासून २० ते २५ मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असतो. वारा ज्या दिशेने येतो ती वरची बाजू आणि ज्या दिशेला जातो ती खालची बाजू, हा या खेळांचा पहिला धडा आहे. पतंग पाण्यात पडला की खालच्या बाजूचा तेवढा सगळा पट्टा दोऱ्यांनी व्यापला जातो. या दोऱ्यांना मांज्यासारखी काच लावलेली नसते, तरी ताण आलेली बारीक दोरी बोट कापू शकते. म्हणून उडी मारू पाहणाऱ्या काइटबोर्डरने खालच्या बाजूला सुमारे ५० मीटर आणि वरच्या बाजूला सुमारे ३० मीटर पाणी मोकळे असल्याची खात्री करावी, असा दंडक आहे. अरुंद जलाशयावर एवढी मोकळीक मिळत नसेल, तर त्या दिवशी उडी न मारणे हेच बरे.

वाटेच्या हक्काचे नियम शिडाच्या होड्यांच्या जुन्या नियमांवरून आले आहेत. वारा ज्याच्या उजव्या बाजूने येतो, म्हणजे ज्याचा उजवा हात पुढे असतो, त्याने आपली दिशा कायम ठेवायची आणि समोरच्याने वाट द्यायची. दोघे एकाच दिशेने जात असतील तर वरच्या बाजूच्याने खालच्या बाजूच्याला सांभाळायचे, आणि मागून येऊन पुढे जाणाऱ्याने अंतर राखायचे. काठावरून पाण्यात निघणाऱ्याला परतणाऱ्यापेक्षा अग्रक्रम असतो, कारण उथळ पाण्यात पतंग किंवा शीड सावरत उभ्या असलेल्या माणसाला बाजूला सरकायला जागाच नसते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते शिवसागरावर कल्पून पाहता येईल. वारा पश्चिमेचा आहे. एक काइटबोर्डर दक्षिणेकडे, म्हणजे धरणाच्या दिशेने निघाला आहे, आणि एक विंडसर्फर उत्तरेला तापोळ्याकडे चालला आहे. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या उजव्या अंगाला पश्चिम येते, त्यामुळे हक्क त्याचा आहे आणि वाट विंडसर्फरने द्यायची आहे. पण कोणत्या अंगाने? तो काइटबोर्डरच्या खालून गेला तर त्याची डोलकाठी दोऱ्यांखाली येईल. म्हणून त्याने वेळीच शीड ओढून वर चढावे आणि वरच्या बाजूने निघून जावे, म्हणजे दोऱ्यांशी त्याचा संबंध येत नाही. समोर दुसरा काइटबोर्डर असता, तर वरून जाणाऱ्याने आपला पतंग उंच आणि खालून जाणाऱ्याने आपला पतंग खाली ठेवला असता. खालून जाण्यावाचून विंडसर्फरला गत्यंतर नसेल, तर हक्क आपला असला तरी काइटबोर्डरने पतंग डोक्यावर उभा करावा. हक्क गाजवण्यापेक्षा टक्कर टाळणे हे दोघांचेही कर्तव्य आहे, कारण नियम समोरच्यालाही ठाऊक असेल असे धरून चालता येत नाही. वळण्यापूर्वी खांद्यावरून मागे पाहण्याची सवय विंडसर्फरला विशेष हवी. शिडाआडचा खालच्या बाजूचा भाग त्याला पारदर्शक पट्टीतून जेमतेम दिसतो आणि वळताना तो नेमका त्याच बाजूला झेपावतो.

समुद्रावर वारा बराचसा एकसारखा वाहतो, डोंगरांमधल्या जलाशयावर तसा वाहत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्रीचा माथा ओलांडून कोयनेच्या खोऱ्यात उतरतो, तेव्हा पश्चिम काठालगत डोंगराच्या आडोशाचा पट्टा तयार होतो. त्यात वारा एक क्षण अजिबात नसतो आणि दुसऱ्या क्षणी भोवऱ्यासारखा उलटा फिरतो. विंडसर्फरचे यात फार तर शीड पडते. काइटबोर्डरच्या दोऱ्या मात्र सैल पडतात, पतंग पाण्याकडे झेपावतो आणि पुढची झुळूक त्याला पूर्ण ताकदीनिशी उचलते. चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहून जिल्ह्यात वाऱ्याला तोटा नाही असे वाटते, आणि ते खरेही आहे, पण पठारावरचा वारा आणि खोऱ्यातल्या पाण्यावरचा वारा एक नव्हे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १५ नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा २१ नॉटचा झाला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसाआधी सुटणारा वारा काही मिनिटांत याहून मोठी उडी घेतो. गडगडाट कानी पडताच पतंग उतरवावा. विंडसर्फरनेही त्याच वेळी पाण्याबाहेर यावे, कारण कार्बनची डोलकाठी वीज चांगली वाहून नेते.

काठावरून पाण्याकडे वाहणारा वारा समुद्रावर सर्वांत धोक्याचा मानला जातो, कारण तो माणसाला खुल्या समुद्रात नेतो. जलाशयाला पलीकडचा काठ असतो, त्यामुळे नवख्याला धीर वाटतो. पण तो काठ खडकाळ असू शकतो आणि तिथपर्यंत रस्ता नसू शकतो. शिवसागराच्या पश्चिमेला वासोट्याच्या बाजूला कोयना अभयारण्याचे दाट जंगल आहे, तिथे वाहून गेलेल्याला आणायला लाँचच जावी लागते.

पाण्याची पातळी हा समुद्रावर न भेटणारा आणखी एक प्रश्न आहे. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ते काठोकाठ भरते आणि मे अखेरपर्यंत इतके उतरते की ऑक्टोबरात जिथून निघालो ती जागा पाण्यापासून बरीच दूर, भेगाळलेल्या गाळापलीकडे राहते. मधल्या काळात बुडालेल्या झाडांचे बुंधे, बांधांचे दगड आणि जुन्या वस्त्यांचे चौथरे पृष्ठभागाच्या अगदी खाली येतात. काइटच्या फळीखालचा कल्ला, म्हणजे पाण्यात राहणारे पाते, बोटभर असतो, विंडसर्फिंगच्या फळीखालचा वीतभर किंवा त्याहून लांब. त्यामुळे काइटबोर्डर जिथून सहज गेला तिथे विंडसर्फर आपटून शिडावरून पुढे फेकला जाऊ शकतो. अशा दिवसांत आधी होडीवाल्याला विचारावे. बुंधे कुठे आहेत ते त्याला नकाशापेक्षा नेमके माहीत असते. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी आत खेचणारी द्वारे यांच्या आसपास जाण्यास मनाई असते आणि तिथे वाट काढण्याचा प्रश्नच येत नाही.

पतंग उडवणे आणि उतरवणे ही कामे काठावरची जागा निवडून, साथीदाराच्या मदतीने करायची असतात. वीजवाहक तारा, झाडे, वाहने आणि माणसे यांच्यापासून खालच्या बाजूला दोऱ्यांच्या लांबीच्या किमान दुप्पट अंतर मोकळे लागते. उडवायला तयार असल्याची खूण म्हणून अंगठा वर करतात आणि उतरवायचा असल्यास डोक्यावर तळवा थोपटतात. समुद्रकाठी पतंगावर वाळू टाकून तो दाबून ठेवतात; आपल्याकडच्या काठांवर मुरूम आणि धारदार दगड असल्याने तिथे वाळूने भरलेल्या पिशव्या सोबत असलेल्या बऱ्या, नाही तर पतंगाचे कापड फाटते. दुसऱ्याच्या पसरलेल्या दोऱ्या ओलांडायच्या झाल्या तर त्यांच्यावर पाय न देता पतंगवाल्याला विचारून ओलांडाव्यात. अडचणीच्या वेळी पतंगाची ओढ एका झटक्यात तोडणारी कळ रोज पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्यक्ष ओढून पाहावी. गाळाचे कण अडकून ती घट्ट झाल्याचे कळायला पाण्यातली वेळ योग्य नसते.

खेळाडू हा जलाशयावरचा पाहुणा असतो. बामणोली-तापोळा भागात लाँच हेच काही वस्त्यांचे दळणवळणाचे साधन आहे आणि धक्क्याला लागणारी लाँच खेळासाठी थांबणार नाही. लाँचचा मार्ग कापायचा असेल तर तो तिच्या मागून कापावा. मासेमारांची जाळी थर्माकोलच्या तुकड्यांवर तरंगत असतात. दोन तुकड्यांमधून गेल्यास जाळे कल्ल्यात अडकते. नुकसान मासेमाराचे होते आणि सुटका करून घेताना जीव खेळाडूचा जातो. धुणे धुणाऱ्या बाया, पाण्यावर आणलेली जनावरे आणि पोहणारी मुले यांच्यापासून पतंग दूर ठेवावा लागतो. अंगावरून फडफडत गेलेल्या पतंगाने म्हैस बुजली तर ती कुठे धावेल ते तिच्या मालकालाही सांगता येत नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला, आणि नौकाविहाराची गर्दी असलेल्या त्या लहानशा पाण्यावर पतंगाला मुळात जागाच नाही.

कोणी संकटात दिसला तर जवळच्याने त्याच्याकडे जावे, पण आपला पतंग त्याच्या दोऱ्यांत गुंतू नये इतपत अंतर राखून. दोन गुंतलेले पतंग सोडवण्यापेक्षा काठावर जाऊन होडी पाठवणे अधिक उपयोगी ठरते. वाहून चाललेले साहित्य सोडून खेळाडू पोहत काठाला लागला, तर त्याने ते लगेच धक्क्यावरच्या लोकांना कळवावे. पतंग आणि फळी या दोन्हींवर पक्क्या शाईने नाव व फोन नंबर लिहिण्याचा संकेत त्यासाठीच आहे. संध्याकाळी एखाद्या मासेमाराला रिकामा पतंग तरंगताना सापडला, तर तो त्या नंबरावर फोन करतो. फोन कोणी उचलला नाही की अंधारात शोध सुरू होतो.