नाक धुणं: नेती पॉट, रिन्स बॉटल आणि बाकीची साधनं

नाक धुणं म्हणजे कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून आत सोडायचं आणि दुसरीतून बाहेर पडू द्यायचं, बस एवढंच. योगवाले याला जलनेती म्हणतात, कान-नाक-घशाचे डॉक्टर सलाईन वॉश किंवा नेझल इरिगेशन म्हणतात आणि बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांवर बहुतेक वेळा सायनस रिन्स असं काहीतरी लिहिलेलं असतं. जुनाट सायनसचा त्रास, ॲलर्जीची सर्दी, धुळीत राहून चोंदलेलं नाक, सायनसचं ऑपरेशन झाल्यावर आत धरलेल्या खपल्या, अशा सगळ्यात हे वापरतात. यात औषध काही नसतं, त्यामुळे यानं सायनस मुळापासून जातो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते सोडून द्यावं, पण आराम पडतो हे मात्र खरं आहे, आणि का पडतो ते समजलं की साधन निवडणंही सोपं जातं.

सायनस म्हणजे नक्की काय

आपण सरळ ‘मला सायनस आहे’ म्हणतो, खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात, त्या म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. त्यांच्या 4 जोड्या, गालांत एक, भुवयांच्या वर कपाळात एक, दोन डोळ्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे, आणि एक अगदी मागे कवटीच्या तळाशी. या सगळ्या बारीक तोंडांनी नाकात उघडतात. आतल्या अस्तरावर पातळ शेंबडाचा थर असतो आणि त्याच्याखाली सूक्ष्म केस, जे सेकंदाला साधारण 10 ते 15 वेळा हलतात आणि हा थर सतत मागे घशाकडे ढकलत राहतात, तिथून तो आपण दिवसभर नकळत गिळत असतो (ऐकायला घाण वाटतं पण निरोगी माणसात हेच चालू असतं). गंमत म्हणजे गालातल्या सायनसचं तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असतं, म्हणजे तिथला कफ या केसांना चढावर ढकलत न्यावा लागतो. सर्दी किंवा ॲलर्जीनं अस्तर सुजलं की हे तोंड बंद होतं, केसांचा वेग मंदावतो, कफ घट्ट होऊन साचतो आणि मग डोकं जड, गाल ठणकणं, वास न येणं, घशात मागून काहीतरी उतरत राहणं हे सगळं सुरू होतं. डॉक्टरांच्या भाषेत हा सायनसायटिस.

मिठाच्या पाण्यानं होतं काय, तर घट्ट कफ सैल होऊन वाहून जातो, त्याच्याबरोबर धूळ, परागकण आणि सूज वाढवणारे पदार्थही निघून जातात, अस्तर ओलं राहतं आणि त्या केसांना पुन्हा काम करता येतं.

आता इथे एक गैरसमज आहे. ‘सायनस रिन्स’ नावामुळे वाटतं की पाणी सायनसच्या आत जाऊन तो धुऊन काढतं, पण ज्याचं ऑपरेशन झालेलं नाही त्याच्या सायनसमध्ये पाणी फारच थोडं शिरतं, कपाळातल्या आणि मागच्या सायनसमध्ये तर जवळजवळ नाहीच. धुतलं जातं ते नाक आणि सायनसच्या तोंडाजवळचा भाग. फायदा त्यातूनच होतो, दार मोकळं झालं की आतला कफ उतरायला लागतो. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ही तोंडं मोठी केलेली असतात, मग पाणी खरंच आत पोचतं, म्हणून ऑपरेशननंतर सर्जन धुण्यावर इतका भर देतात आणि काही जणांना त्याच पाण्यात ब्युडेसोनाइडसारखं स्टेरॉइड मिसळायला सांगतात. ते अर्थात सांगितलं तरच, आपल्या मनानं नाही.

साधनं

सगळ्यात जुनं नेतीचं भांडं, म्हणजे लहान झारीसारखं, लांब निमुळती चोच असलेलं. नेती ही हठयोगातल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे शरीर साफ करायच्या क्रियांपैकी एक, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती या 6 मध्ये तिचा नंबर लागतो. पण हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात नेती म्हणून जे वर्णन आलंय ते पाण्याचं नाहीच, ते सूत्रनेतीचं आहे, वीतभर मऊ दोरा नाकातून घालून तोंडातून काढायचा. पाण्याची नेती त्याच कुटुंबातली सोपी बहीण, आणि जगभर गेली ती हीच. अमेरिकेत 2007 मध्ये ओप्रा विन्फ्रेच्या टीव्ही शोमध्ये डॉ. मेहमत ओझ यांनी नेती पॉट दाखवला आणि तिथे अचानक घराघरात हे भांडं माहीत झालं.

नेती पॉटमध्ये पाणी फक्त स्वतःच्या वजनानं वाहतं, जोर नसतो, त्यामुळे नवशिक्याला बरं पडतं, पण डोकं चांगलंच तिरकं करावं लागतं आणि नाक बऱ्यापैकी बंद असेल तर पाणी पलीकडे जातच नाही. दाबायची बाटली म्हणजे रिन्स बॉटल, साधारण 240 मिलीची, हिच्यात दाब आपल्या हातात असतो आणि डोकं फार वाकडं करावं लागत नाही, म्हणून आता बहुतेक डॉक्टर हीच सुचवतात. रबरी फुग्याची पिचकारीही चालते पण ती आतून नीट सुकत नाही, हा तिचा मोठा दोष. बिनसुईच्या इंजेक्शनच्या सिरिंजनं पण काम होतं, मात्र ती पुन्हा पुन्हा भरत बसावं लागतं. शिवाय वीज किंवा बॅटरीवर चालणारी मशिनं आहेत, ती थांबून थांबून धक्क्याधक्क्यानं पाणी सोडतात, हात अधू असेल त्याला सोयीची, पण धुवायचे पार्ट जास्त. महाग साधन म्हणजे चांगलं साधन असं इथे काही नाही.

सलाईनचा छोटा स्प्रे मात्र या यादीत धरू नये. तो नाक ओलं करतो, धूत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात 127 मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली होती, 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात काहींना भरपूर पाण्यानं धुवायला दिलं आणि काहींना स्प्रे. 8 आठवड्यांनी स्प्रेवाल्यांतल्या 61 टक्के लोकांना त्रास वारंवार किंवा कायम होत होता, धुणाऱ्यांत तेच प्रमाण 40 टक्के. म्हणजे मीठ दोघांकडेही होतं, फरक पडला तो पाण्याच्या मापानं.

मीठ किती

नुसतं साधं पाणी नाकात गेलं की जी सणक थेट डोक्यात जाते ती पोहताना नाकात पाणी गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. कारण शरीरातल्या द्रवात मीठ असतं, साध्या पाण्यात नसतं, मग ते पाणी पेशींमध्ये शिरतं, त्या फुगतात आणि झोंबतं. 0.9 टक्के म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ घातलं की दोन्हीकडचं प्रमाण जुळतं आणि झोंबत नाही. घरी करायचं तर 3 चमचे आयोडीन नसलेलं मीठ आणि 1 चमचा खाण्याचा सोडा एकत्र करून कोरड्या बरणीत ठेवायचं आणि 240 मिली पाण्याला त्यातला अर्धा सपाट चमचा घालायचा (चमचा म्हणजे 5 मिलीचा मापाचा, जेवायचा नाही). सोड्यानं पाण्याचा आंबटपणा जातो आणि कफही पातळ व्हायला मदत होते. नेहमीचं मीठ टाळायचं ते मुख्यतः त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पावडरींमुळे, त्या काही जणांच्या नाकाला चुरचुरतात. तरीही झोंबलं तर मिश्रण थोडं कमी करून बघावं.

2 ते 3 टक्क्यांचं जास्त खारट पाणीही वापरतात, ते सुजलेल्या अस्तरातलं पाणी बाहेर ओढतं, पण जळजळही जास्त होते. रोजच्यासाठी साधं 0.9 टक्केच सोसतं.

पाणी कुठलं, हा खरा मुद्दा

भांडं कुठलं घ्यावं यावर लोक तासन् तास बोलतात आणि पाणी थेट नळाचं भरतात, हे चूक आहे आणि जिवावर बेतणारी चूक आहे. नळाचं पाणी पिण्यासाठी सुरक्षित असतं कारण ते पोटात जातं, तिथलं ॲसिड उरलेसुरले जीव मारून टाकतं. नाकात असं काही नाही. गोड्या, कोमट पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो, तो प्यायल्यानं काही होत नाही, पण नाकात वर गेला तर वासाच्या नसेवरून, चाळणीसारख्या पातळ हाडाच्या भोकांतून मेंदूत पोचतो. हा आजार अत्यंत दुर्मिळ, पण झाला तर 97 टक्क्यांहून जास्त रुग्ण दगावतात. 2011 मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन जण असेच गेले, दोघांनीही नेती पॉटमध्ये नळाचं पाणी वापरलं होतं. 2018 मध्ये सिएटलच्या एका 69 वर्षांच्या बाईंची केस प्रसिद्ध झाली, तिथे बालामुथिया नावाचा दुसरा अमीबा होता, आणि त्या पाणी घरगुती फिल्टरमधून गाळून घेत होत्या. म्हणजे फिल्टर आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अकँथअमीबा नावाच्या तिसऱ्या प्रकाराचे, नाक धुणाऱ्यांमधले 10 रुग्ण मांडले, सगळ्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती, त्यातले 3 वारले. नमाजाआधी वजू करताना नाकात पाणी ओढतात, कराचीत नेग्लेरियाच्या काही केसेसचा संबंध त्याच्याशी जोडला गेलाय, तिथेही दोष त्या प्रथेचा नाही, निर्जंतुक न केलेल्या पाण्याचा आहे.

उपाय मात्र अगदी साधा. डिस्टिल्ड किंवा स्टराइल असं लिहिलेलं पाणी घ्यावं, नाहीतर पाणी उकळावं. अमेरिकेची एफडीए ही अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था 3 ते 5 मिनिटं उकळायला सांगते, मग झाकून कोमट होऊ द्यायचं, आणि स्वच्छ बंद भांड्यात ठेवलं असेल तर 24 तासांत वापरून टाकायचं. चहाला ठेवल्यासारखं नुसतं गरम केलं म्हणजे उकळलं असं होत नाही, आणि उकळलेलं फार गरम झालं म्हणून त्यात थोडं नळाचं घालून कोमट करणं हा तर सगळ्यात वेडा प्रकार, सगळ्या उकळण्यावर पाणी. फिल्टरच वापरायचा तर त्याच्या छिद्रांचं माप 1 मायक्रॉन किंवा त्याहून कमी आहे असं त्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं.

कसं करायचं

हात धुवून बेसिनवर वाकायचं, डोकं थोडं एका बाजूला, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्यायचा. वरच्या नाकपुडीला चोच लावून पाणी हळू सोडायचं, खालच्या नाकपुडीतून धार येते. घशात उतरलं तर थुंकून टाकायचं, थोडं गिळलं गेलं तरी बिघडत नाही. मग दुसऱ्या बाजूनं तेच. पाणी वाहत असताना बोलायचं नाही, हसायचं नाही, गिळायचं नाही, नाहीतर ठसका लागतो किंवा कानात दडा बसतो. पहिल्या दोनचार वेळी बुडल्यासारखं वाटतं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, खरं म्हणजे तोंडानं श्वास चालू ठेवायची सवय झाली की ती भीती आपोआप जाते.

झाल्यावर नाक हळू शिंकरायचं, दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात नाही, त्यानं पाणी आणि जंतू कानाकडे ढकलले जातात. आणि खाली वाकून मान दोन्ही बाजूंना वळवून उरलेलं पाणी काढायचं, ही पायरी लोक हमखास विसरतात आणि मग अर्ध्या तासानं बुटाची लेस बांधायला वाकलं की नाकातून टपटप सुरू, तेही नेमकं चारचौघांत. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिलेला असेल तर तो धुण्याच्या नंतर मारायचा, आधी मारला तर सगळा वाहून जातो.

फायदा किती

विस्कॉन्सिनमध्ये 76 जणांवर 6 महिने चाललेल्या एका चाचणीत, 2002 सालची ही, रोज 2 टक्के मिठाच्या पाण्यानं धुणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि त्यांना अँटिबायोटिक्सही कमी लागली. एडिनबरोच्या 2019 च्या एका छोट्या अभ्यासात खारट पाण्यानं नाक धुणं आणि गुळण्या करणं यानं साधी सर्दी सरासरी 1.9 दिवस कमी टिकली. उलट वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यात जुनाट सायनसबद्दलचे पुरावे फारच तोकडे आणि कमी दर्जाचे असल्याचं म्हटलंय. तरीही बहुतेक डॉक्टर हे सुचवतात कारण खर्च नगण्य, दुष्परिणाम किरकोळ, आणि नाक मोकळं करणाऱ्या औषधी स्प्रेची सवय लागून 4-5 दिवसांनी नाक उलट जास्तच चोंदतं तसं इथे होत नाही. वर्षानुवर्षं रोज धुवावं का यावर मात्र एकमत नाही, काही तज्ज्ञांचं म्हणणं असं की शेंबडात जंतूंशी लढणारे पदार्थ असतात तेही वाहून जातात, म्हणून त्रास असेल तेव्हा धुवावं आणि बरं वाटलं की कमी करावं.

नाक पूर्ण बंद असेल, कान दुखत किंवा वाहत असेल, चेहऱ्याला किंवा डोक्याला नुकताच मार लागला असेल, गिळायला त्रास असेल तर हे करू नये. प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लहान मुलांना जबरदस्तीनं धरून करण्यात अर्थ नाही. ताप, डोळ्याभोवती सूज, दृष्टीत फरक किंवा असह्य डोकेदुखी असेल तर बाटली बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं.

राहिली साधनाची सफाई. वापरून झालं की साबणानं धुवून, शेवटचं पाणी उकळलेलंच घालून खळबळून उघडं सुकत ठेवायचं, झाकण लावून ओलं ठेवलं की आत बुळबुळीत थर धरतो. एक बाटली एकाच माणसाची, घरातल्या घरातही वाटून घ्यायची नाही. प्लास्टिकची बाटली साधारण 3 महिन्यांनी बदलतात, आणि चोचीपाशी काळपट दिसायला लागलं किंवा तडा गेला तर त्याच्याही आधी.