झटका वेगळा, करंट वेगळा

“भाऊ, मी पण झटकाच लावलाय,” हे वाक्य आमच्या भागात दर हंगामात कानावर येतं. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं येतात, तुरीत रोही (नीलगाई) उतरतात, आणि धुऱ्याने, म्हणजे बांधाने, तारा ओढल्या जातात. लांबून सगळ्या तारा सारख्याच. तशीच खुंटं, तसेच इन्सुलेटर, तशीच गंजत चाललेली जीआय (जस्त चढवलेली) तार. पण एक तार झटका मशीनला, म्हणजे कुंपणात थांबून थांबून विजेचे ठोके सोडणाऱ्या यंत्राला, जोडलेली असते आणि दुसरी सरळ मोटारीच्या पेटीतल्या फेजला. बोलताना मात्र लोक दोन्हींना ‘करंटची तार’च म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आकडे ऐकले तर घोळ वाढतोच. झटका मशीनच्या तारेत 8,000 ते 10,000 व्होल्ट असतात, घरच्या वायरीत 230. मग जीव कशाने जायला हवा? जातो 230 ने. कारण व्होल्टमध्ये नाही, वेळेत आहे. झटका मशीन तारेत वीज सोडत नाही, ठोके सोडतं. साधारण सेकंदाला एक ठोका, आणि तो एकेक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकासुद्धा टिकत नाही. या मशीनच्या मानकात एका ठोक्याची ऊर्जा 5 जूलच्या आत ठेवायची अट आहे. डुकराचं ओलं नाक लागलं की ते किंचाळतं, पण पुढचा ठोका येईपर्यंत त्याला जवळजवळ अख्खा सेकंद मिळतो. तेवढ्यात ते मागे सरतं. एकदा पाना काढताना माझी कोपरं तारेला घासली होती. शिवी आपोआप तोंडातून निघाली आणि हात बराच वेळ मुंग्यांनी भरलेला राहिला. पण हात सुटला, ही यातली मुद्द्याची गोष्ट.

मेनची, म्हणजे सरळ लाइनवरची, वीज सुटू देत नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण 1,000 ओहम धरला तर 230 व्होल्टला अंगातून 0.23 अँपिअर वाहतात, म्हणजे 230 मिलीअँपिअर. हाताचे स्नायू आखडून मूठ तारेवरच मिटायला 10 ते 15 मिलीअँपिअर पुरतात, आणि हृदयाची लय बिघडायला 100 च्या आसपास. ऊर्जेत मोजायचं तर अंगात सेकंदाला 50 जूलहून जास्त ओतले जातात, मधे श्वास घ्यायलाही फट न ठेवता. “फ्यूज उडेल की,” असं म्हणणाऱ्याने एवढाच हिशेब करावा: फ्यूज 5 अँपिअरचा, अंगातून वाहतात पाव अँपिअर. फ्यूजला पत्ताही लागत नाही. 30 मिलीअँपिअरला पडणारा आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवला तर तो पडेल, पण दवाने भिजलेलं गवत तारेला टेकलं तरी तो पडतो. म्हणून अशी तार लावणारा तो आधीच बाजूला काढतो.

आता बल्ब. ही युक्ती गावोगाव चालते आणि सगळ्यात जास्त फसवते. फेज आणि तार यांच्यामधे 100 वॉटचा बल्ब टाकतात आणि म्हणतात, “मधे बल्ब आहे, नुसता झटका बसतो, मरत नाही कोणी.” पूर्ण पेटलेल्या 100 वॉटच्या बल्बचा रोध 530 ओहमच्या घरात असतो. पण थंड असताना तो जेमतेम 40 ओहम भरतो, आणि तारेला जनावर लागतं तेव्हा तो थंडच असतो. 1,000 मध्ये 40 मिळवा, अंगातून 0.22 अँपिअर. बरं, बल्ब आधीच पूर्ण पेटलेला होता असं मानलं तरी 0.15 अँपिअर. दोन्ही आकडे मारणारेच. बल्बचा उपयोग इतकाच की तार जमिनीला टेकली तर फ्यूज न उडता बल्ब पेटतो आणि मालकाला कळतं. बल्ब फ्यूजला वाचवतो, माणसाला नाही. आणि तो पेटलेला दिसला की मालक बॅटरी घेऊन तारेच्या कडेने चालत जातो, बऱ्याचदा अनवाणी.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे: सोलर म्हणजे सुरक्षित. पॅनेल फक्त बॅटरी भरतं. झटका मशीनची बॅटरी घरच्या चार्जरवर भरली तरी तारेत ठोकेच जाणार, आणि पॅनेल-बॅटरीवर इन्व्हर्टर लावून त्याची वायर कुंपणाला जोडली तर ती सोलरवरची का असेना, जीवघेणीच तार आहे. वीज कुठून आली हे बघू नका, तारेच्या टोकाला काय जोडलंय ते बघा.

कायदाही या दोन तारांकडे एका नजरेने बघत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधली शिकारीची व्याख्या बंदुकीपुरती नाही. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, जखमी करणं हे सगळं त्यात येतं, आणि मारण्या-पकडण्याचा प्रत्येक प्रयत्नसुद्धा. शस्त्राच्या व्याख्येत जनावराला इजा करू किंवा मारू शकणारं कोणतंही साधन बसतं. फेज सोडलेली तार त्यात आरामात बसते. झटक्याचं कुंपण जनावराला परत पाठवण्यासाठी असतं, आणि राज्य सरकारच डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान देतं. एका तारेला सरकारी अनुदान, दुसरीला सरकारी गुन्हा.

पकडलं गेल्यावर सगळ्यात जास्त दिलं जाणारं उत्तर म्हणजे, “डुकरासाठी लावली होती साहेब, वाघ अडकला.” हे सांगणाऱ्याला वाटतं आपण निर्दोष असल्याचं सांगतोय. प्रत्यक्षात तो एक गुन्हा कबूल करत असतो. रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत, आहे, त्यामुळे परवानगीशिवाय त्याला मारणं हीच शिकार. 2022 च्या दुरुस्तीनंतर, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, त्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तारेला वाघ, बिबट्या किंवा मोर लागला तर पहिली अनुसूची: किमान 3 वर्षं, कमाल 7, आणि दंड किमान 25,000 रुपये.

पिकाची नासाडी करणाऱ्या डुकरांचं काय, हा प्रश्न मात्र खोटा नाही. रात्रीत अर्धा एकर हरभरा लोळवलेला ज्याने पाहिलाय त्याला कलमं वाचून दाखवण्यात अर्थ नाही. कायद्यात त्यासाठी वाट आहे. कलम 11 खाली दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर उभ्या पिकाला धोकादायक ठरलं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्राधिकृत अधिकारी कारणं नोंदवून, लेखी आदेशाने त्याची शिकार करू देऊ शकतो. ही वाट वेळखाऊ आहे, हेलपाटे मारायला लावते, हे खरं. पण ती परवानगी नेमक्या जनावरासाठी, नेमक्या माणसाला असते. तार जनावर ओळखत नाही. त्याच कलमात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारलं तर गुन्हा नाही, असंही आहे. तिथे माणसाचा जीव म्हटलंय, हरभरा नाही. आणि आपण कायदा मोडत असताना वेळ ओढवली असेल तर ही सूटही मिळत नाही.

तार काय करते ते 2017 ने दाखवलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण माणसांवर हल्ले करत होती. तिला मारण्याच्या आदेशाला उच्च न्यायालयाने हिरवा कंदील दिला, पथकं बंदुका घेऊन मागावर राहिली. ऑक्टोबरमध्ये ती वर्धा जिल्ह्यात एका शेताच्या तारेला लागून मेली. इतक्या लोकांच्या हाती न लागलेलं जनावर कोणाच्या तरी पिकाच्या तारेने मारलं.

माणूस मेला तर प्रकरण वन्यजीव कायद्यात राहतच नाही. “माझ्या शेतात तो रात्री आलाच कशाला?” हा बचाव जुना आहे आणि तितकाच जुना त्याचा निकाल. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात एकाने आपल्या शौचकूपात शिरणाऱ्यांना अडवायला उघडी जिवंत तार लावली होती, तिला लागून एक बाई मेली. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये सांगितलं की परवानगीशिवाय आत शिरलेल्यासाठीही असा सापळा लावता येत नाही, आणि शिक्षा कायम ठेवली. त्यात आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचं कलम 135 वेगळं लागतं.

झटका मशीनचं कौतुक करून थांबलो तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. खवल्या मांजर तारेला लागलं की पळत नाही, अंग गुंडाळतं, कधी तारेसकटच, आणि मग एकामागून एक ठोके खात राहतं. कासवाचंही तसंच. म्हणून जमिनीलगतची तार गरज नसताना चालू ठेवू नये, पण डुकराला नेमकी तीच तार थोपवते. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरी कटकट अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की ठोका जनावरातून जमिनीमार्गे मशीनपर्यंत परतच येत नाही. पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की ठोका गवतातच जिरतो. “मशीन बेकार निघालं” म्हणून मेन जोडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मशीन ठीकच असते. अर्थिंगचा रॉड फूटभर ठोकलेला असतो आणि गवत कापायचा ब्रशकटर श्रावणापासून फिरलेला नसतो.

शेजारच्या धुऱ्यावर कुठली तार आहे हे आधी कानाने ओळखा. झटका मशीन चालू असताना टक्, टक् करतं, आणि तार कुठे गवताला टेकली असेल तर तिथूनही तसाच आवाज येतो. मेनची तार गप्प असते. गप्प तारेला काडीनेसुद्धा हात लावू नका, वीज कंपनीला कळवा.

आणि आपल्याच तारेला काही मेलेलं आढळलं तर आधी पुरवठा खांबावरून बंद करा, मग वनखात्याला किंवा पोलिसांना सांगा. मेलेलं वन्य जनावर सरकारी मालमत्ता असतं, ते ताब्यात आलं तर 48 तासांत कळवावं लागतं. खड्डा खणू नका. विदर्भात गाजलेल्या ‘जय’ वाघाचा बछडा श्रीनिवास 2017 च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे असाच तारेला लागून मेला आणि पुरला गेला. पण त्याच्या गळ्यातली रेडिओ कॉलर सापडली, आणि वाघ उकरून काढला गेला.