मांसाच्या फाँड्यूला तेल घ्यावं की स्टॉक?

‘कडकडीत तेलात टाकलं की मांस वरून बंद होतं आणि रस आत कोंडला जातो.’ पाककृतीच्या व्हिडिओंत हे वाक्य हमखास कानावर पडतं. युस्टस फॉन लीबिग या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास हा समज मांडला आणि तो अजून स्वयंपाकघरांतून हलायला तयार नाही. खरं तर तेलात मांस पडल्यावर जो चुरचुर आवाज येतो तो रसातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडण्याचाच असतो. रस कोंडला गेला असता तर तेल गप्प बसलं असतं!

स्वित्झर्लंडमध्ये चीजच्या फाँड्यूइतकाच मांसाचा फाँड्यूही लाडका. टेबलावर मध्यभागी बर्नरवर भांडं, प्रत्येकाच्या हातात लांब काटा, आपापला तुकडा आपणच शिजवायचा. बुर्गिन्योन प्रकारात बीफचे चौकोनी तुकडे गरम तेलात तळतात. नाव फ्रान्समधल्या बरगंडीचं असलं तरी पदार्थ स्विस. १९५६ मध्ये कोनराड एगली या स्विस हॉटेलवाल्याने तो न्यूयॉर्कच्या आपल्या रेस्टॉरंटमध्ये आणला. शिन्वाझ प्रकारात कागदासारखे पातळ काप उकळत्या स्टॉकमध्ये, म्हणजे जवळपास आपल्या अळणी सूपमध्ये, बुडवतात. नाताळ आणि ३१ डिसेंबरला स्विस घरांत बहुतेक हाच असतो.

आपण ‘चव’ म्हणून तेल किंवा स्टॉक निवडतो, पण त्याबरोबर तापमानाची कमाल मर्यादाही ठरून जाते. स्टॉक कितीही खळखळवा, तो १०० अंशांपुढे जात नाही. किलोभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घातलं तरी उत्कलनांक जेमतेम एका अंशाने वाढतो, आणि तो खारट स्टॉक कोणी तोंडात घेणार नाही. मांसाला खरपूस तपकिरी रंग आणि खमंग वास देणारी मायार अभिक्रिया (अमिनो आम्लं आणि शर्करा यांची, १९१२ मध्ये वर्णिलेली) साधारण १४० अंशांवर जोर धरते. म्हणून स्टॉकमधलं मांस करडंच राहतं. त्यात आपलं काही चुकलेलं नसतं.

आता १८० अंशांच्या तेलात एक तुकडा सोडू. पृष्ठभागावरचं पाणी लगेच उकळू लागतं, आणि जोवर ते आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो. येणारी उष्णता वाफ करण्यातच खर्ची पडते. बाहेर झेपावणारी वाफ तेलालाही आत शिरू देत नाही. मग वरचा अगदी पातळ थर कोरडा पडतो, तेवढ्याच थराचं तापमान १४० च्या पुढे चढतं आणि रंग धरतो. आतला भाग मात्र ५०-५५ अंशांवर, लालसर.

यात अप्रकट उष्मा, म्हणजे पाण्याची नुसती वाफ करायला लागणारी उष्णता, भलताच महागात पडतो. २० ग्रॅमच्या तुकड्यातून ४ ग्रॅम पाणी उडालं तर त्यालाच ९ किलोज्यूल लागतात. फ्रिजमधून आलेला तुकडा तापवायला आणखी चार, म्हणजे एकूण १३. लिटरभर तेल एका अंशाने थंड होताना फक्त १.८ किलोज्यूल देतं. म्हणजे एका तुकड्यामागे सात अंश! चौघांनी एकदम काटे बुडवले आणि बर्नर मिणमिणता असला, तर तेल १८० वरून थेट १५० वर. मग मांस तळण्याऐवजी पाणी सोडत बसतं. स्टॉकमध्ये वाफेचा हा खर्च नाही आणि पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (एका अंशाच्या फरकाला लागणारी उष्णता) तेलाच्या दुपटीहून जास्त. चार पातळ कापांनी तो दोनेक अंशच उतरतो.

उष्णता मांसाच्या गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: दहापट जाडी, ढोबळमानाने शंभरपट वेळ. २ मिलिमीटरचा काप स्टॉकमध्ये काही सेकंदांत शिजतो. तोच तेलात टाकला तर रंग येईपर्यंत आतून वातड होईल. उलट जाड तुकडा स्टॉकमध्ये टाकला तर जेवण बाजूला राहील आणि गप्पाच चालतील.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्यावं. त्यांना धूर सुटतो तो २२० अंशांच्या वर. ‘विषमुक्त’ म्हणून दामदुपटीने विकलं जाणारं लाकडी घाण्याचं तेल चटणीवर छान लागतं, पण रिफाइंड न केलेलं शेंगदाणा तेल १६० च्या आसपासच धुरू लागतं. ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने ते रसायनशास्त्र बदलत नाही. लोणी तर नकोच, त्यातला दुधाचा अंश जळतो. तूप चालेल. चीज फाँड्यूचं मातीचं भांडं तेलाला वापरू नका, धातूचंच घ्या. मांस टिपून कोरडं करा, कारण पाण्याची वाफ होताना आकारमान १७०० पटींच्या घरात जातं आणि तेल अंगावर उडतं. तेल पेटलंच तर झाकण ठेवा, पाणी ओतू नका.

वाइनमध्ये शिजवायचा बाखुस नावाचा प्रकारही आहे. अल्कोहोलमुळे ती सुरुवातीला नव्वदीच्या आसपासच उकळते, तेव्हा काप आणखी पातळ हवेत. दावोससारख्या १५६० मीटर उंचीवरच्या गावात साधं पाणीसुद्धा ९५ अंशांनाच उकळतं.

मी स्वतः स्टॉकवाला. कारण शेवटी मांसाचा सगळा अर्क भांड्यात उतरलेला असतो आणि तो वाटीत घेऊन पिता येतो. मात्र कोंबडी असेल तर कच्च्या मांसाची ताटली वेगळी, खायची वेगळी, आणि तुकडा आतून पूर्ण पांढरा होईपर्यंत धीर धरा. स्वित्झर्लंडमध्ये वर्षअखेरीला कँपिलोबॅक्टर या जिवाणूमुळे पोट बिघडलेले रुग्ण वाढतात आणि तिथल्या अभ्यासात त्याचा संबंध याच शिन्वाझशी आढळला आहे. स्टॉक प्यायच्या आधी पुन्हा एकदा खळखळून उकळून घ्या.