उतारवयातला व्यायाम

साठीच्या आसपास आणि त्यापुढे हातपाय चालते राहावेत, कोणाचा हात न धरता उठता-बसता यावं म्हणून नेमानं केलेली शरीराची हालचाल म्हणजे उतारवयातला व्यायाम. सोलापुरात याचा अर्थ बहुतेक जण वॉकिंग एवढाच घेतात. सकाळी सिद्धेश्वर तळ्याकाठी किंवा कंबर तलावावर बघा, आजी-आजोबा फेऱ्या मारताना दिसतातच. चालणं चांगलंच आहे, हृदयाला, बीपीला, शुगरला त्याचा फायदा होतो, पण एवढ्यावर थांबलं तर काम अर्धंच राहतं.

कारण तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो, आणि नुसत्या चालण्यानं मांड्यांची ताकद फारशी भरून येत नाही. मग संडासातून उठताना नळ धरावा लागतो, जिना नको वाटतो, एक दिवस बाथरूममध्ये पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी म्हणूनच तीन गोष्टी सांगितल्या: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा.

"आम्ही आयुष्यभर राबलो, आम्हाला कशाला व्यायाम" हे इथं फार ऐकू येतं. पण विडी वळताना बोटं चालतात, पाय तासन्तास मुडपलेलेच असतात, आणि यंत्रमागावर दिवसभर उभं राहून पाय दुखतात, ताकद येतेच असं नाही.

जिम लागत नाही. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठायचं, भिंतीवर हात ठेवून जोर काढायचे, ओट्याला धरून टाचा उचलायच्या, तसंच धरून एका पायावर उभं राहायचं. सोपं वाटायला लागलं की वाढवायचं, नाहीतर स्नायू आहे तिथंच थांबतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच जड काठ्या, पेलणारे आधी सराव करतात, एकदम उचलत नाहीत, तसंच हे. आणि उशीर झाला असं अजिबात समजू नये: १९९० मध्ये बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या अशक्त लोकांकडून ८ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम करून घेतला तर त्यांची ताकद दुपटीच्या वर गेली.

स्नायूला प्रोटीनही लागतं. शेंगाचटणी-भाकरी छान, पण चमचाभर चटणीत भागत नाही, सोबत डाळ, दही, चालत असेल तर अंडं पाहिजेच.

सोलापूरचा उन्हाळा मात्र गांभीर्यानं घ्यावा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि वय वाढलं की तहान कमी जाणवते, त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी पटकन घटतं. तेव्हा ऊन चढायच्या आत चालून यावं, बाकीचं घरात पंख्याखाली करावं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. शुगरवाल्यांनी अनवाणी चालू नये, इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी असेल तर खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. छातीत दाटलं, जबडा किंवा डावा हात दुखला, घाम फुटला की तिथंच थांबून लगेच दवाखाना गाठायचा, "फेरी पूर्ण करून जातो" म्हणायचं नाही.